जोडीला की ऐवजी?

निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे साडेपाचला जाऊन नुसते बसा. अर्ध्या तासात गुडघेदुखीवरचे किमान सात उपाय तुम्हाला फुकट मिळतील. एक जण म्हणेल, रात्री चमचाभर मेथ्या भिजत घाला आणि सकाळी पाण्यासकट खा. दुसरा म्हणेल, मेथ्यांनी काही होत नाही, दुधात उकळलेली लसूण घ्या. तिसरा निर्गुंडीचा पाला सुचवील, चौथा रुईच्या पानाला तिळाचे तेल लावून तव्यावर गरम करून बांधायला सांगेल. पाचवा मनगटातले तांब्याचे कडे पुढे करील. सहावा कुठल्याशा गावच्या माणसाचा पत्ता देईल, आणि सातवा, जो अजून पन्नाशीच्या आत आहे आणि ज्याचे काहीच दुखत नाही, तो म्हणेल, 'काका, हे सगळं मनाचं असतं.'

टेकडीवरची ही मंडळी बहुतेक कारखान्यांतून निवृत्त झालेली. कुणी टेल्कोत तीस वर्षे काढलेली, कुणी बजाजमध्ये, कुणी हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये. कुणी प्रेसवर उभा राहिला, कुणी फाउंड्रीत, कुणी असेंब्ली लाइनवर. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळरानांवर शेड उभ्या राहिल्या. कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्याच्या संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण त्या मानाने उशिरा मोटारींचे गाव झाले. या पट्ट्याने देशाला स्कूटर दिल्या, ट्रक दिले, पेनिसिलिन दिले. ज्या माणसांनी ते केले त्यांचे गुडघे, कंबर आणि खांदे आता पहाटे टेकडीवर एकमेकांना आपापले हिशेब सांगत असतात.

मी कारखान्यात नव्हतो, बँकेत होतो. पण छत्तीस वर्षे खुर्चीत बसून काढलेल्या माणसाचे गुडघेही काही वेगळा न्याय मागत नाहीत. कादंबऱ्या लिहिण्याच्या नादाने उरलेला वेळही खुर्चीतच गेला. पन्नाशी उलटल्यावर जिना उतरताना उजवा गुडघा बोलू लागला. साठीच्या सुमारास डावाही त्याच्या युनियनमध्ये सामील झाला. तेव्हापासून मी काय काय केले याची यादी देतो. मेथ्या झाल्या, लसूण झाली, हळदीचे दूध झाले. एरंडाच्या पानांचा शेक झाला. तांब्याचे कडे वापरून झाले, चुंबकाचा पट्टा वापरून झाला. होमिओपथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या आठ महिने घेतल्या आणि त्या काळात कॉफी सोडली, तो त्रास वेगळाच. अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्या. जानुबस्ती केली, म्हणजे गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल भरून ठेवायचे. जळवा लावायलाही गेलो होतो. पण ती बाटलीतली वळवळ बघून 'जरा बँकेत काम आहे' असे सांगून परत आलो. निवृत्त होऊन तेव्हा वर्ष झाले होते.

वाचकांनी असे समजू नये की या यादीची टिंगल करायला मी बसलो आहे. आमच्या व्यवसायात एक सवय लागते. खाते कुणाचेही असो, आधी नोंदी बघायच्या, मग मत द्यायचे. तसा मी माझ्या गुडघ्यांचा ताळेबंद मांडून बघितला. तांब्याच्या कड्याने मनगट हिरवे झाले, बाकी काही नाही. पुढे कळले की इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे सांधेदुखीच्या रुग्णांना घालायला लावून रीतसर तपासणी केली होती. २००९ आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खरी वस्तू आणि नकली वस्तू यांच्या परिणामात फरक सापडला नाही. म्हणजे माझे मनगट एकटेच नव्हते.

जानुबस्तीने मात्र बरे वाटले. सुयांनीही काही दिवस बरे वाटले. एवढेच काय, ज्या जळवांना भिऊन मी पळालो, त्यांच्याबाबतही जर्मनीतल्या एसेन शहरातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये गुडघेदुखीच्या रुग्णांवर चाचणी करून, वेदना काही काळ कमी झाल्याचे नोंदवलेले आहे. तेव्हा जुने ते सगळे भाकड असे म्हणणाऱ्याने जरा दमाने घ्यावे.

पण जानुबस्तीने बरे का वाटले, याचा विचार करताना मला एक गोष्ट जाणवली. त्या वैद्यांकडे पहिल्या दिवशी मी पाऊण तास होतो. झोप कशी लागते, पोट कसे आहे, कुणाशी भांडण चालू आहे का, वडिलांना काय दुखणे होते, असे सगळे त्यांनी विचारले. गुडघ्याला हात लावून बघितला, वाकवून बघितला, वाकवताना कटकन वाजले तर 'अरे अरे' म्हणाले. नंतर रोज चाळीस मिनिटे मी कोमट तेलात गुडघा घालून स्वस्थ पडून राहायचो. फोन नाही, हप्ते नाहीत, प्रुफे नाहीत. याउलट मोठ्या दवाखान्यात दीड तास बाकावर बसल्यावर आत माझी जी भेट झाली, ती तीन मिनिटांची. त्यातली दोन मिनिटे डॉक्टर माझ्या एक्स-रेशी बोलत होते. त्यांचे निदान बरोबरच होते. पण माणूस निदानाने बरा होतो, तसा विचारपूस केल्यानेही थोडा बरा होतो, हे दुखणेकऱ्यालाच कळते.

आणि हे फक्त तेलपाण्यालाच लागू आहे असेही नाही. २००२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. गुडघेदुखीच्या १८० रुग्णांपैकी काहींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून सांध्यातला कचरा साफ केला, आणि काहींना भूल देऊन नुसत्या त्वचेवर खाचा पाडून टाके घातले. कुणावर काय झाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा अधिक बरे झाले नव्हते. सांगायचा मुद्दा असा की मनाच्या आधाराचा हिस्सा वैद्याच्या तेलात असतो तसा सर्जनच्या सुरीतही असतो. फरक इतकाच की त्या डॉक्टरांनी आपल्याच सुरीचे ऑडिट केले आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो छापला. विश्वास ठेवायचा तो अशा ऑडिटवर. ते अॅलोपथीचे असो वा आयुर्वेदाचे, मला फरक पडत नाही.

इथपर्यंतची गोष्ट हसतखेळत सांगता आली, कारण ती माझ्या गुडघ्यांची आहे. झिजलेल्या गुडघ्याला घाई नसते. त्याला तुम्ही मेथ्या खाऊ घाला, तेल पाजा, चुंबक बांधा, तो आपल्या गतीने झिजतो आणि आपल्या लहरीने कधी दुखतो, कधी थांबतो. ज्या आठवड्यात तो आपोआप थांबतो, त्या आठवड्यात चालू असलेला उपाय यशस्वी ठरतो आणि टेकडीवर त्याचा प्रचार सुरू होतो. पैसे जातात, पण फार मोठे नुकसान होत नाही.

मराठीत आपण सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो. एक असतो झिजेचा. तो वयाचा, वजनाचा, कष्टाचा. दुसरा असतो सुजेचा. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच वाट चुकून स्वतःच्या सांध्यांवर हल्ला करते. हा दुसरा तिशी-चाळिशीतही येतो, स्त्रियांना अधिक होतो, बोटांच्या आणि मनगटांच्या लहान सांध्यांना आधी धरतो. सकाळी उठल्यावर तासन् तास बोटे वळत नाहीत, दोन्ही हात सारखेच सुजतात. आपल्या पुणे जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली. सांध्यांचे, हाडांचे, स्नायूंचे काही ना काही दुखणे असलेली माणसे शेकडा अठराच्या आसपास निघाली. त्यांत सुजेचा खरा संधिवात असलेली शेकडा अर्धा, म्हणजे दोनशेत एक. दोनशेत एक हा आकडा लहान वाटतो. पण एखाद्या मोठ्या सोसायटीत तो दोन-तीन घरांपर्यंत जातो. आमच्या सोसायटीत त्यातले एक घर आमचे होते.

२०१२च्या पावसाळ्यात पत्नीची बोटे सुजली. तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. सुरुवातीला वाटले, गारठा असेल. मग तिला दुधाची पिशवी फाडता येईना, साडीला पिन लावता येईना. आमच्या सुदैवाने निदान लवकर झाले. पुण्यातल्या एका तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू केली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, जोडीला फोलिक अॅसिड, आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे त्यांनी सांगितले होते. आम्ही ऐकले होते. पण ऐकणे वेगळे आणि धीर धरणे वेगळे. त्यात कुणीतरी सांगितले की ही गोळी कॅन्सरवर देतात. हे खरेच आहे. कॅन्सरसाठी ती मोठ्या मात्रेत देतात, संधिवातासाठी अगदी थोड्या. पण 'कॅन्सरची गोळी' हे दोन शब्द घरात शिरले की मात्रेचा हिशेब कोण करतो?

चार महिन्यांनी सूज निम्म्यावर आली होती. निम्म्यावर आली होती हे मला आज दिसते. तेव्हा निम्मी उरली आहे एवढेच दिसत होते. अशा वेळी बँकेतल्या एका खातेदाराने चाकणच्या पुढे एका गावातल्या माणसाचे नाव सांगितले. त्याच्या मेहुणीला तीन दिवसांत गुण आला होता. रविवारी आम्ही गेलो. घरासमोर गाड्या लागल्या होत्या, चांगल्या चांगल्या गाड्या. त्या माणसाने नाडी बघितली, दुधात घ्यायला करड्या रंगाच्या पुड्या दिल्या, वांगे आणि दही बंद करायला सांगितले आणि म्हणाला, 'इंग्रजी औषध बंद करा. त्याची उष्णता आणि ह्याचा गुण एकत्र नांदत नाहीत.' पुडीवर नाव नव्हते, तारीख नव्हती, आत काय आहे ते नव्हते. मी विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, 'जडीबुटी आहे, साहेब. वडिलांपासूनची.'

परत येताना गाडीत पत्नी म्हणाली, 'अहो, ती गोळी बंद करायला नको वाटतं मला. डॉक्टरांना विचारू या का?' मी म्हणालो, 'तीन महिने तर करून बघू.'

तीन महिने लागलेच नाहीत. चौथ्या दिवशी ती सकाळी उठली आणि तिने स्वतः अंबाडा घातला. आठवड्याने सूज दिसेनाशी झाली. आमच्या घरात त्या दिवशी सण होता. मी चार ओळखीच्यांना त्या गावचा पत्ता दिला. ते चौघे आजही भेटतात तेव्हा मी विषय बदलतो.

पुढच्या वर्षभरात तिचा चेहरा गोल झाला. 'तब्येत सुधारली,' असे नातेवाईक म्हणाले. मग साखर वाढली, हातापायांची कातडी पातळ होऊन नुसता धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडू लागले. एकदा त्या गावाला जाणे लांबले, पुड्या संपल्या, आणि तिसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठू शकेना. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी तिच्याकडे एकदाच बघितले आणि मला विचारले, 'कोणत्या पुड्या चालू आहेत?' त्या पुडीत काय होते ते त्यांना चेहऱ्यावरून कळले होते. स्टिरॉइड. ते बाहेरून मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. म्हणून अचानक थांबवले तर जीवावर बेतते. ते हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवावे लागले. पुन्हा मेथोट्रेक्सेट सुरू झाले, त्याच्या जोडीला दुसरे औषध आले. रोग ताब्यात आला. पण वर्षभर सूज वरून झाकली गेली होती आणि आत सांधे कुरतडले जात होते. या आजारात पहिली एक-दोन वर्षे सोन्याची असतात. त्यात औषध नीट लागू केले तर हात वाचतात. त्यातले एक वर्ष मी पुडीत बांधून दिले. तिची बोटे आज करंगळीच्या बाजूला कलली आहेत. ती परत सरळ होणार नाहीत.

तिने मला कधी दोष दिला नाही. एकदाच, डॉक्टरांनी 'पुड्या कुणी सुचवल्या?' असे विचारले तेव्हा ती म्हणाली, 'ह्यांनी सांगितलं म्हणून घेतल्या.' तक्रारीच्या सुरात नव्हे. विचारले म्हणून सांगितले, इतकेच.

कारकिर्दीत मी भोसरीतल्या लेथ मशीनसाठी कर्ज देताना कोटेशन मागितले, जामीनदार मागितला, मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागितले. एक कागद कमी असला तर प्रस्ताव परत पाठवला. आणि बायकोचे हात मात्र नाव-गाव नसलेल्या पुडीच्या हवाली केले. हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा बुडीत कर्जाचा व्यवहार. तो कुठल्याच शाखेच्या वहीत नाही.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले, माणसांना विचारले. गंमत अशी की ज्याला आपण आयुर्वेदाच्या नावाने खपवतो, ते आयुर्वेदालाही मान्य नसते. झिजेचा संधिगत वात वेगळा आणि सुजेचा आमवात वेगळा हा भेद आपल्या वैद्यकात फार जुना आहे. माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. ज्या तेलाने माझ्या गुडघ्याला आराम पडला, तेच तेल सुजलेल्या आमवाताला चोळू नये, तिथे कोरडा शेक द्यावा, वाळूची पोटली करावी, असे शिकलेला वैद्य सांगतो. म्हणजे 'कुठलाही संधिवात असो, आमचे एकच औषध' असे म्हणणारा माणूस डॉक्टरांना फसवत नाही, तो आधी चरक-सुश्रुतांना फसवतो.

आणि नीट तपासले तर आपल्या औषधांत दम आहे हेही पुण्यातच दिसले आहे. ज्या डॉ. चोप्रांनी भिगवणची पाहणी केली, त्यांच्याच पुढाकाराने, केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या एका योजनेत, गुडघ्याच्या झिजेवर सुंठ, गुळवेल, शल्लकी, गुग्गुळ अशा औषधांची चाचणी झाली. ४४० रुग्ण, चोवीस आठवडे. काहींना आयुर्वेदिक औषध, काहींना ग्लुकोसामाइन, काहींना सेलेकॉक्सिब हे नेहमीचे वेदनाशामक. कुणाला काय मिळते हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुर्वेदिक औषधे वेदना कमी करण्यात इतरांच्या बरोबरीने उतरली. पण त्याच अहवालात हेही लिहिले आहे की आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे एक द्रव्य वाढलेले आढळले; त्यांना कसलाही त्रास जाणवत नव्हता, आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. मला या अहवालातले हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच मोलाचे वाटते. गुण आला हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. गुण आला आणि शिवाय हेही झाले, असे सांगणारा भेटला की समजावे, हा हिशेब खरा आहे.

'वनस्पतीचे आहे, अपाय नाही' हे वाक्य मी आता घरातून हद्दपार केले आहे. कण्हेरही वनस्पतीच आहे. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेलीचे काढे मनाला येईल तसे घेतले, आणि २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद तज्ज्ञांनी घालावा; आपण इतके तरी करावे की काढा घेत असलो तर डॉक्टरांना सांगावे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. दुसरी बाजूही लपवू नये. त्याच २००४ साली रोफेकॉक्सिब हे जगभर खपलेले संधिवाताचे आधुनिक वेदनाशामक हृदयविकाराचा धोका वाढवते म्हणून बाजारातून काढून घ्यावे लागले. चकचकीत पाकीट हीही हमी नव्हे. तरी पाकिटाचा एक फायदा असतो. त्यावर नाव असते, म्हणून ते परत बोलावता येते. बिननावाची पुडी कोण परत बोलावणार?

या सगळ्यातून मी जे शिकलो, ते दोन शब्दांत मावते. उपाय 'जोडीला' आहे की 'ऐवजी' आहे, एवढेच विचारावे. तेल, शेक, आसने, सुया, प्राणायाम, भजन, जे जोडीला येते त्याला दार उघडे ठेवावे. जे म्हणते, 'ते सोड आणि मला घे,' त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून कागद मागावेत. आत काय आहे? कुणी तयार केले? किती दिवस? रक्त कधी तपासायचे? आणि गुण आला नाही तर परत कुणाकडे यायचे? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे जाऊ नये. तीन दिवसांत चमत्कार झाला तर पेढे वाटण्याआधी पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

झिजेच्या गुडघ्याला तर जोडीच्याच गोष्टी अधिक उपयोगी पडतात, हे आता जगभर मान्य आहे. माझ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने (माझी नव्हे, पण मुलीसारखीच) मला खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे धरून ठेवायला शिकवले. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्याचे ओझे तो उचलतो. दुसरे, वजन. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजून दाखवलेले आहे. मी सहा किलो उतरवले, त्याला दोन वर्षे लागली. या उपायाची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

मात्र सगळा दोष रुग्णाच्या गळ्यात घालून मोकळे होणे मला पटत नाही. त्या माणसाच्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांतली माणसे अडाणी नव्हती. ती थकलेली होती. 'पुड्या घेतो' म्हटले की डॉक्टर ओरडतील, म्हणून रुग्ण लपवतात. आणि लपवले की दोन औषधे पोटात एकमेकांना भेटतात, ती कुणाला न कळता. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी प्रत्येक भेटीत सहज विचारावे, 'आणखी काय काय चालू आहे?' पहिल्याच दिवशी सांगावे, 'या गोळीला वेळ लागेल. मध्ये तुम्हाला कुणीतरी पत्ता देईल. जावेसे वाटले तर जा, पण गोळी सोडू नका, आणि मला सांगा.' हे वाक्य कुणी मला २०१२ मध्ये म्हटले असते, तर मला वाटते, मी थांबलो असतो.

आणि या उद्योगनगरीलाही थोडे विचारावेसे वाटते. १९५४ साली पिंपरीत देशाचा पहिला सरकारी औषध कारखाना उभा राहिला. त्याच १९५४ साली जादुई उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. ज्या रोगांवर रामबाण इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत संधिवातही आहे. सत्तर वर्षे झाली. कारखान्यांना यंत्रांच्या बेअरिंगची वेळापत्रके पाठ असतात. कधी तेल घालायचे, कधी बदलायचे, सगळे लिहिलेले असते. माणसाच्या बेअरिंगचे वेळापत्रक कोण लिहितो? निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ आणि घड्याळ देतात, त्याबरोबर गुडघ्याच्या व्यायामाचा एक तास शिकवला तर किती खर्च येईल? महापालिकेच्या दवाखान्यांतून आठवड्यातला एक दिवस सांधेदुखीसाठी ठेवला, तिथे डॉक्टर, वैद्य आणि फिजिओथेरपिस्ट एकाच छताखाली बसले, तर माणसे करड्या पुड्यांच्या वाटेला जाण्यापूर्वी तिथे येतील. निदान त्यांना पाऊण तास तरी मिळेल.

आमच्याकडे गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक असतात. चिंचवडला मोरयाच्या गावात राहून ते चुकवायचे म्हणजे काय! पूर्वी पत्नी एकवीस कळ्यांचा मोदक करायची. शेजारच्या बायका बघायला यायच्या. आता तिच्या बोटांना कळ्या काढता येत नाहीत. ती उकड काढते, सारण करते आणि स्टुलावर बसून मला सांगते. माझ्या मोदकाला पहिल्या वर्षी सात कळ्या पडल्या, त्यातल्या तीन वाफेत उघडल्या. गेल्या वर्षी अकरापर्यंत आलो.

'घाई करू नका,' ती म्हणते. 'बोटं ओली करा आणि एकेक घ्या.'

मी बोटे ओली करतो. तिची शनिवारची गोळी फडताळात डाव्या हाताला ठेवलेली असते, शेजारी सुंठीची डबी, तिच्याशेजारी तेलाची बाटली. गोळीच्या पाकिटावर तारीख आहे, डबीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे, बाटलीवरही. तिन्ही गोष्टी डॉक्टरांना ठाऊक आहेत.